माशांचं माहेर

ताई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या घर बघायला. मुलीचे वडील सासर बघायला जातात ना, तशा. मी त्यांच्याकडे दोन-चार गप्पी मासे मागितले होते, एवढंच निमित्त. दारात चपला काढून त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. मी पाणी विचारलं तर म्हणाल्या, "आधी काम." मग खिडकीतून ऊन कुठपर्यंत येतं ते बघितलं. टीव्ही केवढ्याने लावता ते लावून दाखवायला सांगितलं. उदबत्ती कुठे लावता, डासांसाठी काय फवारता, फरशी पुसायच्या पाण्यात काय घालता, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी माझ्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला. तो बिचारा लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसला होता.

"तुम्हाला राग येतो?"

"कशाचा?"

"कशाचाही. येतो का?"

"येतो की कधीतरी."

"आला की काय करता? दार आपटता?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आपटतो."

"मग टँक दारापासून लांब," ताई म्हणाल्या आणि पलीकडची भिंत दाखवली. "तिथे. पाया सपाट करून घ्या, खाली थर्माकोल घाला. आणि आता द्या पाणी."

आम्ही तेव्हा खारघरला नवीन होतो. मेट्रोचे खांब उभे राहिले होते, पण गाडी यायची होती. त्या खांबांखालून मी रोज उगाच चालत जायची आणि परत यायची. कराडहून लग्न होऊन आलेली, हातातली नोकरी सुटलेली, नवरा सकाळी जाऊन रात्री यायचा. सोसायटीत लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे कुणाची ओळख नव्हती. ताईंचं दार तिसऱ्या मजल्यावर होतं, आमचं पाचव्या. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून मी जिना चढत होते. त्यांचं दार उघडं होतं आणि आत भर दुपारी हिरवा उजेड पडला होता. मी थांबले. आतून आवाज आला, "बघायचं असेल तर आत या. दारात उभं राहून वारा अडवू नका."

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या काळातल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, का केलं नव्हतं ते कुणी विचारलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि त्यातलं एक अक्षर बाहेर काढलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. खातं सुटलं तरी सवयी राहिल्या होत्या. कुणी पाल्हाळ लावलं की त्या ट्रंक कॉलवर सांगत तशा शांतपणे म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." समोरचा गप्प. सोसायटीच्या मीटिंगमध्येही हे चालायचं. खोटं कौतुक त्यांना जमायचं नाही. माझ्या नव्या पडद्यांकडे बघून म्हणाल्या होत्या, "माशांना चालतील." त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना ताईच म्हणायची.

घर बघून पसंत पडलं म्हणजे मासे लगेच मिळतील असं मला वाटलं होतं. आम्ही टँक आणला, वाळू आणली. तांदूळ धुतात तशी ती वाळू धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत. मी बाथरूममध्ये बसून दोन दिवस वाळूच धूत होते. एक वेडंवाकडं लाकूड ताईंनी दिलं, ते मोठ्या पातेल्यात उकळायचं, चहासारखा रंग निघून जाईपर्यंत. जाड पानांची दोन झुडपं दोऱ्याने त्या लाकडाला बांधली. पाणी भरलं, फिल्टर सुरू केला. मी पिशवी घेऊन ताईंकडे गेले.

"मासे?" ताई म्हणाल्या. "पाणी कुठे पिकलंय अजून?"

पाणी पिकणं हा त्यांचा शब्द. नळाचं पाणी म्हणे कच्चं असतं. माशाने त्यात टाकलेली घाण पचवायची ताकद त्याच्यात नसते. ती ताकद यावी लागते, डोळ्याला न दिसणारे जीव त्यात वाढावे लागतात आणि त्याला आठवडे लागतात. त्यांनी आपल्या जुन्या टँकच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा कापून दिला. काळा, चिकट, वास मारणारा. मी नाक मुरडलं.

"विरजण आहे ते," ताई म्हणाल्या. "धुवायचं नाही. फिल्टरमध्ये ठेवा आणि वाट बघा."

आमच्याकडे पाहुणे यायचे, टँकसमोर वाकायचे आणि विचारायचे, "मासे कुठेत?" नवरा म्हणायचा, "पाणी पिकतंय." लोक एकमेकांकडे बघायचे. मला मात्र त्या रिकाम्या टँकची गोडी लागली. सकाळची भांडी झाली की मी समोर बसायची. आधी पाणी धुरकट झालं, मग एक दिवस लख्ख झालं. झुडपाच्या पानांवर बारीक बुडबुडे धरले. काचेवर कुठून तरी आलेली मोहरीएवढी गोगलगाय चालायला लागली. तिच्याबरोबर माझी सकाळ चालायची. काय बघत होते ते मला सांगता येणार नाही. एकदा ताई अचानक आल्या, माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या, खूप वेळ माझ्याबरोबर पाण्यात बघत राहिल्या. मग उठताना म्हणाल्या, "पिकलं. या संध्याकाळी."

पाणी पिकलं की बसणारा पिकला, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं घर मागच्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून होतं. पडदे ओढलेले असायचे आणि टँकचे दिवे तेवढे चालू. हॉलमध्ये टँक, पॅसेजमध्ये टँक, बेडरूममध्ये पलंगापेक्षा मोठा टँक. सगळीकडे पाण्याचा बारीक आवाज. त्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, एवढंच नाही तर मोठ्याने बोलावंसं वाटायचंच नाही. मी दुपारी जायची आणि त्यांच्या आरामखुर्चीत बसायची. छतावर पाण्याची जाळी हलत असायची. एंजल मासे पतंगासारखे एका जागी तरंगायचे, मग सगळे एकदम वळायचे. मध्येच डोळा लागायचा. जाग आली की पाच मिनिटं झाली का तासभर, कळायचं नाही. ताई समोर खुर्चीत असायच्या, त्यांचाही डोळा लागलेला असायचा. बाहेर कुठल्यातरी नव्या टॉवरचं काम चालू असायचं, त्याची ठोकठोक लांबून, दुसऱ्याच गावातून आल्यासारखी यायची.

त्याच हॉलमध्ये, त्याच टँकसमोर बसून त्या तळलेला बांगडा खायच्या. अलिबागकडच्या त्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं.

"यांच्यासमोर?"

"ते खाऱ्या पाण्यातले, हे गोड्या पाण्यातले," ताई काटा काढत म्हणाल्या. "यांची ओळख नाही."

मासे द्यायचे म्हणजे मुलगी द्यायची, हे त्यांचं धोरण अख्ख्या खारघरमध्ये माहीत होतं. दुकानात सुंदर मासे मिळायचे, तरी लोक ताईंच्या मागे लागायचे, कारण त्यांच्या घरचे मासे जगायचे. पण त्या सरळ नाही म्हणायच्या. सोसायटीचे चेअरमन एकदा आले, गोल काचेचं भांडं घेऊनच.

"ताई, यात दोन गोल्डफिश द्या ना. वास्तुवाल्याने सांगितलंय, ईशान्येला ठेवा, टेन्शन खल्लास."

ताईंनी भांडं हातात घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं, परत दिलं. "वाडग्यातला मासा एकच. कालवणाचा."

"अहो, फॉरेनला सगळे ठेवतात."

"तीन मिनिटं झाली."

चेअरमन रागावून गेले. पुढे वर्षभराने त्यांनी रीतसर टँक आणला, पाणी पिकवलं, ताईंना घर दाखवलं, तेव्हा ताईंनी त्यांना मॉलींची जोडी दिली. वर एक ओटी भरल्यासारखी कागदाची पुडी दिली, त्यात खाणं. जिथे जिथे त्यांचे मासे गेले त्या घरांना त्या सासर म्हणायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे अवचित चक्कर टाकायच्या. लोक ताई येणार असं कळलं की काचा पुसून ठेवायचे.

आणि सासर म्हटलं की माहेरपण आलंच. मे महिन्यात लोक गावी जायचे, गणपतीत तर अर्धी सोसायटी कोकणात. मग मासे माहेराला यायचे. दरवाजावर रांग लागायची. कुणी पातेल्यात, कुणी बादलीत, कुणी पाण्याने फुगवलेल्या पिशवीत मासे घेऊन उभं. ताई एकेकाला आत घ्यायच्या. "ये बाई. किती वाळलीस. काय घालतात का नाही खायला?" हे मासोळीला. मासोळीचा मालक शरमून पायांकडे बघायचा. पिशवी आधी पाण्यावर तशीच तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं उबदार होईपर्यंत, मग हळूच सोडायचं. कुठला मासा कुणाचा, हे ताई कधी विसरल्या नाहीत. जुन्या फोन नंबरांसारखं सगळं त्यांच्या डोक्यात होतं.

आता ताई खारघरला नाहीत. गुडघे गेले, तिसरा मजला झेपेना, भाचीने त्यांना कोथरूडला नेलं. मासे इथल्या सासरीच राहिले. फोनवर बोलतो आम्ही. पण ताई म्हटलं की मला त्या एका गणपतीतल्या ताई आठवतात.

त्या वर्षी माहेराला फार गर्दी झाली होती. टँक भरले म्हणून ताईंनी पिंपं आणली, बादल्या लावल्या, बाथरूममध्ये बाळाचा टबसुद्धा होता. त्या पाहुण्यांमध्ये सातव्या मजल्यावरच्या अण्णांचा एंजल मासा होता. चंदेरी, अंगावर काळे पट्टे आणि शेपटीपाशी एक ठिपका. अण्णा बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले. स्वभावाने इतके रोखठोक की त्यांना बघून लोक लिफ्ट सोडून जिना धरायचे. कुणाच्या बारशाला गेले तर "मूल अशक्त आहे" म्हणायचे. कुणाच्या घरी जेवले तर भाताची शितं बोटाने दाबून बघायचे. त्यांच्या बायकोला, काकूंना, पूर्वी गाण्याचा नाद होता. लग्नानंतर एकदा अण्णा म्हणाले, "तुझा सूर लागत नाही." तेव्हापासून काकू गायल्या नाहीत. हे काकूंनीच एकदा ताईंच्या घरी हसत हसत सांगितलं होतं. हसल्या त्या एकट्याच. एंजल मासा काकूंनी ताईंकडून नेला होता, स्वतः निवडून. त्या गणपतीच्या दोन वर्षं आधी काकू आजारी पडल्या आणि गेल्या. मासा राहिला. अण्णा त्याला सांभाळत होते. त्या वर्षी ते गणपतीला मुलाकडे नाशिकला गेले आणि जाताना स्वतः मासा खाली घेऊन आले. पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"याला नीट बघा," म्हणाले. "म्हातारा आहे."

गौरी आल्या त्या दिवशी सकाळीच गेटपाशी ट्रान्सफॉर्मरचा मोठा आवाज झाला आणि लाइट गेली. गेली ती गेलीच. ताईंच्या इन्व्हर्टरने दुपारपर्यंत काम केलं, मग तोही बंद पडला. घरातला पाण्याचा आवाज एकदम थांबला. मला तो थांबलेला आवाज अजून आठवतो. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं, त्या राखाडी उजेडात सगळे टँक एकदम खोल दिसायला लागले. थोड्या वेळाने मासे वर यायला लागले. एक, मग दोन, मग सगळे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून.

"हवा नाही त्यांना," ताई म्हणाल्या. "घ्या मग हातात."

मग म्हणजे तांब्यासारखा मग. पाणी उपसायचं आणि उंचावरून परत सोडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. मी आणि ताई सुरू झालो. सगळ्या बादल्यांना आम्ही दोघी पुरणार नव्हतो. मी वर जाऊन नवऱ्याला बोलावलं. तो गणपतीच्या जेवणाचं आमंत्रण सोडून आला. खाली हार्डवेअरचं दुकान होतं, त्याचा मालक बोनकोडे गावचा, रोज बाइकवरून यायचा. त्याच्याही घरी ताईंचे मासे होते. त्याला कुणीतरी फोन केला. तो दुकानातली बॅटरी खांद्यावर घेऊन, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून आला. घामाने निथळत होता.

"ताय, तू टेन्शन नको घेव," तो म्हणाला. "ही लाव. दुकान बंद हाय आज, कोनाला लागते?"

त्या बॅटरीवर हॉलमधले पंप चालले. बाकीचं हाताने. हळूहळू मजल्या-मजल्यावरची गावी न गेलेली माणसं आली. कुणी न सांगताच आली बहुतेक, दार उघडं बघून. एकेकाने एकेक बादली धरली. चेअरमन बाळाच्या टबापाशी उकिडवे बसले. फक्त पाणी उचलल्याचा आणि सोडल्याचा आवाज, प्रत्येकाचा वेगळ्या लयीत, मग कधीतरी सगळ्यांचा एका लयीत. हात आपोआप चालायला लागले. मला वाटलं आम्ही सगळेच पाण्याखाली आहोत, आणि वरून कुणीतरी आमच्यासाठी हवा सोडतंय. हात दुखत होते, पण ते दुखणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मी वर बघितलं तर पॅसेजच्या टोकाला, बेडरूममध्ये, ताई मोठ्या टँकसमोर उभ्या राहून पाणी सोडत होत्या. बसल्या नव्हत्या एकदाही. त्यांचे गुडघे तेव्हाही धड नव्हते.

दिवेलागणीला लाइट आली. सगळे पंप एकदम गुरगुरले आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग आम्ही मोजदाद करायला लागलो. बरेचसे वाचले होते. काही गेले होते. ताई बेडरूममधून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या ओंजळीत अण्णांचा एंजल होता. आडवा.

"तासाभरापूर्वीच गेला," म्हणाल्या. "म्हटलं, बाकीच्यांचे हात थांबायला नकोत."

माझ्या नवऱ्याने त्याच्या स्वभावाप्रमाणे उपाय काढला. "ताई, वाशीला दुकानात मिळेल असा. डिट्टो. ठिपका बघून आणतो मी. अण्णा यायच्या आत सोडून टाकू."

चेअरमन म्हणाले, "करेक्ट. म्हाताऱ्याला कशाला त्रास? बायकोची आठवण आहे हो ती."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "एकाच्या जागी दुसरा चालला असता तर माणसं मुळात रडलीच नसती. मी सांगणार त्यांना. तोंडावर."

त्यांनी मासा कुंडीत पुरला. हात धुतले. सगळ्यांसाठी पोहे टाकले.

अण्णा नाशिकहून आले त्या दुपारी ताई मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." लिफ्टमध्ये त्यांनी चुकून पाचव्याचं बटण दाबलं, माझ्या घरचं. दार उघडलं, बंद झालं, आम्ही वर गेलो. चेअरमनना गप्प करणाऱ्या ताईंचा पदर हातात घट्ट पिळलेला होता.

अण्णा एकटेच होते. बॅग अजून उघडली नव्हती. त्यांचा टँक कोपऱ्यात चालू होता, रिकामा. फिल्टर बंद करायचा नाही, नाहीतर पाणी मरतं, हे ताईंनीच त्यांना शिकवलेलं. आम्हाला रिकाम्या हाताने आलेलं बघून अण्णांना कळलं असावं. तरी त्यांनी खुर्च्या दाखवल्या. ताई बसल्या नाहीत.

"अण्णा, तुमचा मासा गेला. लाइट नव्हती दिवसभर. मी तिथेच होते, पाणी हलवत होते. पण मला नाही वाचवता आला."

अण्णांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. मला वाटलं आता ते ताईंना काहीतरी बोलतील, त्यांच्या पद्धतीचं.

"केव्हा?"

"गौरी आल्या त्या दिवशी. संध्याकाळी."

"फोन का नाही केलात?"

"नातवंडांत होतात. आणि फोनवर सांगायचं नव्हतं."

अण्णांनी मान हलवली. ते टँककडे वळले. मग म्हणाले, "बसा ताई. तुम्ही खरं सांगितलंत, तर मीही सांगतो. हिने तुमच्याकडून आणलेला मासा तो नव्हताच."

ताई बसल्या.

"ही हॉस्पिटलात होती तेव्हाच पहिला गेला. घरात मी एकटा. खाणं जास्त पडलं असेल, काय माहीत. मला कुठे यातलं कळत होतं? सकाळी उठून बघतो तर तळाशी. आणि दुसऱ्या दिवशी ही घरी यायची. ती आल्या आल्या आधी मासा बघणार." अण्णांचा नेहमीचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी चार दुकानं फिरलो. ठिपका सापडेना. शेवटी एका ठिकाणी मिळाला. आणून सोडला. तिला म्हटलं, बघ, कसा वाट बघतोय तुझी. आयुष्यात तेवढंच एक खोटं बोललो मी. तेही तिच्याशी. आणि ती गेली तरी तिला कळलं नाही."

पाण्याचा आवाज येत होता. ताई पदराचं टोक सोडून हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं. उघडावं की उघडू नये, अशा दारापाशी उभ्या असल्यासारख्या त्या दिसत होत्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

"काय?"

"मासा बदललाय ते. काकूंना माहीत होतं."

"कुणी सांगितलं? तुम्ही?"

"मला त्यांनीच सांगितलं. हॉस्पिटलातून आल्या त्याच आठवड्यात. मी भेटायला आले होते, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात." ताई थांबल्या. "म्हणाल्या, यांनी मासा बदललाय. तुम्ही कुणाला बोलू नका. जन्मभर खरं बोलून मला रडवलं, आता पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलतायत. बोलू देत."

अण्णांच्या घशातून एक आवाज आला. हसल्यासारखा होता, पण मध्येच तुटला. त्यांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकाने पुसला, परत घातला. तरीही त्यांना दिसत नसावं, कारण परत काढला.

"पण कळलं कसं तिला?" ते म्हणाले. "मी ठिपकासुद्धा तस्सा बघून आणला होता हो."

"ठिपक्यावरून नाही कळलं. जुना मासा तुम्ही समोर आलात की लाकडामागे पळायचा. तुमचा आवाज, तुमचं चालणं. काकू म्हणायच्या ना नेहमी, याला यांची भीती वाटते. नवा मासा तुम्ही आलात की पुढे यायला लागला. काचेपाशी." ताईंचा आवाज अगदी हळू झाला होता. "काकू मला म्हणाल्या, आधी मला समजेना, मासा बदललाय की हे बदललेत."

अण्णा वाट बघत होते. मीही.

"मग?"

"मग म्हणाल्या, दोन्ही."

अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटवल्याचा आला. मी मदतीला उठायला लागले तर ताईंनी माझा हात धरून ठेवला. आम्ही दोघी त्या रिकाम्या टँकसमोर बसून राहिलो. खिडकीतून दुपार आत आली होती आणि पाण्यातून गाळून भिंतीवर हलत होती. आतून बऱ्याच वेळाने अण्णा कप घेऊन आले, बशीत थोडा चहा सांडलेला. काकू असताना आणि नंतरही, अण्णांना कुणी चहा करताना बघितलं नव्हतं.

मी घोट घेतला. चहा उकळून उकळून कडू झाला होता आणि साखर घालायची राहून गेली होती. अण्णा उभेच होते, ताईंकडे बघत.

"कसा झालाय?"

ताईंनी एक घोट घेतला, मग शांतपणे दुसरा घेतला.

"छान झालाय," ताई म्हणाल्या.

अण्णांनी स्वतःचा कप तोंडाला लावला. त्यांनी घोट गिळला, कपात बघितलं, ताईंकडे बघितलं, आणि काहीच न बोलता सगळा चहा संपवला.